देवाचा कौल आणि लोकांचा कौल

(देवस्थानच्या वर्धापनोत्सवानिमित्त अग्रशाळेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी विद्वान नव्हे आणि प्रवचनकारही नव्हे. या देवळाच्या प्राकारात लहानाचा मोठा झालेला आणि पुढे काही वर्षे याच देवस्थानचे चिटणीसपण केलेला मी एक सामान्य महाजन आहे. वयाची ऐंशी वर्षे पुरी झाली. या वयात माणसाला सांगण्यासारखे थोडे आणि कबूल करण्यासारखे बरेच असते. म्हणून आज 'सभा' हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. उत्सवात असा रुक्ष विषय कशाला, असे एका स्नेह्यांनी विचारले. त्यांना मी म्हटले, आपण ज्या जागेत बसतो तिला सभामंडप म्हणतात. तेव्हा सभेविषयी येथे बोलायचे नाही तर कोठे बोलायचे?

आपल्या मंडपात दोन गोष्टी परंपरेने चालत आल्या आहेत. पहिली गाऱ्हाणे. संकट आले, शुभकार्य निघाले, उत्सवाला आरंभ झाला, की वडीलधारा माणूस श्रींसमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणे घालतो आणि मागे उभी असलेली माणसे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. दुसरी गोष्ट कौल. मूर्तीवर फुले किंवा पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा आणि कोणत्या बाजूचे फूल आधी पडते ते पाहायचे. उजवे पडले की मन निश्चिंत होते. डावे पडले की माणूस हात जोडून थांबतो. या दोन्ही गोष्टींत आपण स्वतःला देवाच्या स्वाधीन करतो. तेथे वाद नसतो, असू नये.

पण तिसरीही एक गोष्ट याच मंडपात चालत आली आहे, आणि तिची आठवण आपल्याला कमी राहिली आहे. ती म्हणजे महाजनांची सभा. गाऱ्हाणे देवापुढे असते, सभा माणसांपुढे असते. गाऱ्हाण्यात 'व्हय म्हाराजा' शोभते. सभेत मात्र सगळेच 'व्हय म्हाराजा' म्हणू लागले, की समजावे, सभा संपली आणि नुसती गर्दी उरली. आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. बाकीचे सारे त्याचे दाखले.

पहिला दाखला आपल्या गावकारीचा. गोमंतकातील गावकारी ही राजसत्तांहून जुनी संस्था. कदंब आले आणि गेले, विजयनगर, बहामनी, आदिलशाही आली आणि गेली, गावकारी राहिली. पोर्तुगीजांनी तिसवाडी घेतली तेव्हा त्यांनाही ही संस्था मोडता आली नाही. १५२६ साली अफोंसो मेशिया याने गावकारांचे जुने रीतिरिवाज लिहून काढून त्यांस मान्यता दिली. तो लेख 'फोराल' या नावाने प्रसिद्ध आहे. विजेत्याने येऊन जित लोकांच्या रूढी आधी लिहून घ्याव्यात, याचा अर्थ उघड आहे. त्या रूढींवाचून महसूल गोळा होत नव्हता आणि शेतही पिकत नव्हते.

शेत का पिकत नव्हते, हे ज्याने खाजन पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. मांडवी-जुवारीच्या काठची खाजन शेती भरतीच्या पाण्याहून खोल. मध्ये मातीचा बांध आणि बांधाला मानस. ओहोटीला मानशीतून आतले पाणी बाहेर जाते, भरतीला दारे मिटतात. बांधाला एका ठिकाणी भगदाड पडले, की खारे पाणी एकट्याच्याच शेतात शिरत नाही, साऱ्या वांगडाचे शेत बुडते, आणि मातीतला खार निघून जाण्यास पुढे कित्येक पावसाळे लागतात. तेव्हा बांध कोणी घालायचा, खर्च कसा वाटायचा, मानस कोणाकडे द्यायची, शेतांची पावणी केव्हा करायची, हे प्रश्न एकेकट्याने सोडवण्याचे नव्हतेच. माणसे एकत्र बसली नाहीत तर समुद्र आत येतो, हे आपल्या पूर्वजांना कोणा ग्रंथातून शिकावे लागले नाही. आपल्या भूमीत सभा जन्माला आली ती हौसेपोटी नव्हे, खाऱ्या पाण्याच्या भीतीपोटी.

या गावकारीचे मी अवास्तव गुणगान करणार नाही. तेथे मानाचा क्रम कडक होता. विडा आधी कोणी घ्यायचा, नांगर आधी कोणी धरायचा, यावरून पिढ्यान् पिढ्या तंटे चालत. तेथे बसण्याचा हक्क मूळ गावकारांच्या पुरुष वंशजांना. ज्यांच्या डोक्यावरून बांधाची माती वाहिली जाई, त्या कुळंब्यांना तो नव्हता. ही उणीव झाकून ठेवली तर आपण इतिहास सांगत नाही, पोवाडा गातो. पुढे १९६४ साली कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कुळांना मालकीचा मार्ग मोकळा झाला; न्याय झाला. पण जुनी सभा निस्तेज झाल्यावर तिची जागा घेणारी नवी सभा पुष्कळ ठिकाणी तितक्या नेटाने उभी राहिली नाही, आणि अनेक खाजनांचे बांध त्याची साक्ष देत आज पडून आहेत.

दुसरा दाखला आपल्या देवस्थानांचा. सोळाव्या शतकात साष्टी, तिसवाडी, बारदेशातील देवळांवर संकट आले आणि देव खाडी ओलांडून अंत्रूज महालात आले. १५६० च्या सुमारास कुशस्थळीहून श्रीमंगेश प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. मूर्तीबरोबर महाजन आले. घरे, शेते, गावकारीतला मान, सारे मागे टाकून आलेल्या माणसांना जोडून ठेवणारी एकच वस्तू उरली होती, देवापुढचे हे अंगण. परक्या महालात गाव उरला नव्हता, म्हणून देवळाचाच गाव झाला. कोणाच्या मुलीचे लग्न अडले, कोणाच्या भावांत वाटणीवरून भांडण झाले, ते येथे येऊन बोलायचे. 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण आपण सहज बोलतो. आपल्या पूर्वजांनी तिच्यावर संसार चालवला.

पुढे पोर्तुगीज सरकारने १८८६ साली माझानियांचे, म्हणजे महाजन संस्थांचे नियम केले. १९३३ साली त्यांची नव्याने मांडणी झाली, आणि आपला कारभार अजूनही त्याच चौकटीत चालतो. महाजनांची नोंदवही, आमसभा, तिने निवडलेली समिती, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि मुखत्यार, वर मामलेदारांची देखरेख, ही सारी रचना त्यातली. सरकारचा हेतू देवस्थानांवर नजर ठेवण्याचा होता, यात शंका नाही. तरीही त्यातून एक लाभ झाला. हिशेब सभेपुढे मांडावा, ठराव लिहावा, इतिवृत्तावर सही करावी, ही शिस्त आपल्या आजोबा-पणजोबांना लागली. मतदानाचा अधिकार फार थोड्यांना होता अशा काळात, या मंडपात माणसे हात वर करून मत देत होती.

आता तिसरा दाखला, आणि तो माझ्या घरातला आहे.

१९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि आपल्या लोकांना थोडा मोकळा श्वास मिळाला. वाचनालये निघाली, मराठी शाळा निघाल्या, व्याख्याने झाली. तो काळ फार टिकला नाही. १९२६ साली तेथे लष्करी सत्ता आली, पाठोपाठ सालाझारची राजवट आणि १९३० चा वसाहत कायदा. मग सभेला परवानगी, छापण्याला परवानगी. लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा सरकारी नजरेखालून जावी लागे, हे आजच्या तरुणांना सांगितले तर ते हसतात. आम्ही हसत नव्हतो.

अशा दिवसांत, १९४६ च्या जून महिन्यात, डॉक्टर राममनोहर लोहिया असोळण्याला आपले मित्र डॉक्टर ज्युलियांव मिनेझिस यांच्याकडे आले. तुरुंगातून नुकतेच सुटलेले, विश्रांतीसाठी आलेले. येथे माणसांना चार वाक्ये बोलण्याचीही मुभा नाही, हे पाहिल्यावर विश्रांती कसली? १८ जून १९४६ रोजी त्यांनी मडगावात सभा घेतली. पावसाचे दिवस. सरकारी अधिकाऱ्याने पिस्तूल रोखले. लोहियांनी त्याचा हात बाजूला सारला. दोघांना अटक झाली. त्या दिवशी भाषण किती झाले यापेक्षा सभा झाली हे महत्त्वाचे. चारशे वर्षांहून अधिक काळ राज्य करणाऱ्या सत्तेला एका मैदानात जमलेल्या माणसांची धास्ती वाटली. पुढे त्याच वर्षी त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या तुरुंगात धाडले. त्या मैदानाला आज लोहिया मैदान म्हणतात.

माझे वडील त्या वेळी मडगावात एका दुकानात कारकून होते. ते सभेला गेले, असे मी सांगितले असते तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. पण ते गेले नाहीत. गलका ऐकू येताच मालकाने दुकानाच्या फळ्या लावायला सांगितल्या, आणि फळ्या लावल्या त्या माझ्या वडिलांनी. दोन फळ्यांच्या फटीतून त्यांना भिजलेल्या छत्र्या आणि धावणारी माणसे दिसली, एवढेच. मी तेव्हा वर्षाचा होतो. घरी लहान मूल, पगार तुटपुंजा. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण म्हातारपणी दरवर्षी १८ जूनला ते ही गोष्ट सांगत आणि शेवटी म्हणत, "फळी आतल्यान लायली, बाबा. भायल्यान कोणें लायली ना." फळी आतून लावली, बाहेरून कोणी लावली नाही. हे वाक्य मला तेव्हा नीट कळले नाही. आज कळते.

१९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. १९६२ साली पंचायतींच्या निवडणुका झाल्या, १९६३ च्या डिसेंबरात विधानसभेच्या. आणि मग आली १६ जानेवारी १९६७. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, की वेगळा केंद्रशासित प्रदेश राहावा, हे लोकांनीच ठरवायचे. या मतदानाला आपण नाव काय दिले? जनमत कौल. देवळातला शब्द लोकांनी उचलून लोकशाहीला दिला. आणि योगायोग पाहा, विलीनीकरणाची निशाणी फूल होती आणि वेगळ्या गोव्याची दोन पाने. देवाच्या अंगावरची फुले-पाने जणू मतपत्रिकेवर आली.

त्या दिवसांत गावागावांत सभा झाल्या. तिठ्यांवर, वडाखाली, देवळांच्या आणि चर्चच्या पटांगणांत. मी बावीस वर्षांचा होतो. घरातच दोन तट पडले होते. वडील एका बाजूला, थोरला भाऊ दुसऱ्या बाजूला, आणि आई दोघांना एकाच पंगतीला जेवू घालीत होती. मी मत कोणाला दिले ते आज सांगत नाही. सांगितले, तर पुढच्या बोलण्याकडे निम्म्या सभेचे लक्ष राहणार नाही. निकाल तुम्हाला ठाऊक आहे. वेगळ्या प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. अंतर ३४,०२१ मतांचे. ज्यांची बाजू पडली त्यांची मने दुखावली, आणि कित्येकांची ती जखम जन्मभर भरून आली नाही. पण त्या वर्षीचा शिगमो याच अंगणात झाला, आणि पालखीला खांदा देताना पलीकडच्या खांद्याने मत कोणाला दिले होते हे कोणी विचारले नाही.

त्या कौलातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. माझ्या वडिलांचे मत एक, आईचे एक. अध्यक्षांचे एक, नौबतखान्यात बसणाऱ्या वाजंत्र्याचे एक आणि अंगण झाडणाऱ्या बाईचेही एकच. एक लक्ष बाहत्तर हजार जिंकले, म्हणून एक लक्ष अडतीस हजार खोडून टाकले गेले नाहीत. हरलेल्यांचा आकडा जिंकलेल्यांच्या आकड्याशेजारी कायमचा छापला गेला. देवाच्या कौलात न पडलेले फूल कोणी मोजत नाही. लोकांच्या कौलात ते मोजावेच लागते.

पुढच्या काळाचा विस्तार करीत नाही. १९८७ च्या ३० मे रोजी गोवा घटक राज्य झाले. १९९२ च्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले, १९९४ साली आपला पंचायत राज कायदा आला. ग्रामसभांना सुरुवातीला कोणी फिरकत नसे. मग २००६ च्या अखेरीस प्रादेशिक आराखड्याचा प्रश्न निघाला. डोंगर, शेते आणि बागायती नकाशावर रंग बदलून वसाहतीच्या रंगात गेल्याचे लोकांच्या ध्यानात आले, माणसे रस्त्यावर आली, आणि २००७ च्या जानेवारीत शासनाला आराखडा मागे घ्यावा लागला. त्यानंतरच्या आराखड्याच्या वेळी गावोगाव नकाशे टेबलावर पसरून शेतकरी, मास्तर, पाद्री आणि भटजी आपल्या गावचा ओहळ नकाशात कोठे हरवला ते बोटाने दाखवत होते. मला त्यात जुनी गावकारी पुन्हा दिसली. आणि या वेळी कुळंबी आत होता, बायकाही आत होत्या.

येथपर्यंत इतरांच्या गोष्टी सांगितल्या. आता माझी सांगतो.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आपल्या सभामंडपाच्या जीर्णोद्धाराचा विषय आमसभेपुढे आला. जुने लाकडी खांब आणि मंगळुरी कौले काढून सिमेंटचा स्लॅब घालावा, असा ठराव होता. देणगीदार तयार होते, काम लवकर सुरू व्हावे अशी सगळ्यांची इच्छा होती. एक वृद्ध महाजन उठले. त्यांचे नाव घेत नाही. जुन्या मंडळींना ते ठाऊक आहे. ते म्हणाले, वाशे किडले असतील तर वाशे बदला. पण कौलांखाली वारा खेळतो, स्लॅबखाली एप्रिलच्या दुपारी माणूस बसणार नाही, आणि माणूस बसला नाही तर हा सभामंडप कसला? कोणी तरी मागून हसले. दोघा-तिघांनी 'मंजूर, मंजूर' असा पुकारा केला. ते खाली बसले.

चिटणीस मी होतो. रात्री इतिवृत्त लिहिताना मी वाक्य लिहिले, 'सदर ठराव एकमताने मंजूर झाला.' खोटे लिहावे असा माझा हेतू नव्हता. एकमत लिहिले की बरे दिसते, मामलेदार कचेरीत प्रश्न निघत नाहीत, देणगीदारांचे मन मोडत नाही, असा विचार केला. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचलेच गेले नाही. 'वाचले असे समजावे' असे म्हणून पुढे गेलो. तेही माझ्याच सूचनेवरून. काही दिवसांनी ते गृहस्थ माझ्या घरी आले. चहा घेतला, मुलांची चौकशी केली आणि उठताना दारात म्हणाले, "चिटणीस, म्हजें 'ना' तुवें खंय बरयलां?" माझे 'नाही' तू कोठे लिहिलेस? माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते पुन्हा आमसभेला आले नाहीत. उत्सवाला येत, दर्शन घेत, प्रसाद घेऊन जात. सभेच्या दिवशी मात्र त्यांची जागा मोकळी राहिली. आणि त्यांच्या मागोमाग, एकेक करून, आणखी बऱ्याच जागा मोकळ्या झाल्या.

स्लॅब योग्य होता की कौले, हा आजचा प्रश्न नव्हे. आज वर पंखे फिरताहेत आणि आपण बसलो आहोत. प्रश्न एका माणसाच्या 'ना'चा आहे. परक्या सत्तेने आमच्या सभा बंद पाडल्या तेव्हा आम्ही त्या चोरून घेतल्या, नाटकाच्या आणि भजनाच्या निमित्ताने घेतल्या. कोणतीही बंदी नसताना त्या ओस पडल्या, त्या मात्र आमच्या हाताने. माझ्या वडिलांनी भीतीने फळी लावली. मी सोयीसाठी लावली. दोन्ही फळ्या आतूनच लागल्या.

म्हणून या वयात समितीपुढे तीन गोष्टी मागतो. पहिली, आमसभेत मागचे इतिवृत्त संपूर्ण वाचावे. अर्धा तास जाईल, जाऊ द्यावा. मोबाईलवर गटात पाठवले म्हणजे वाचले असे होत नाही. दुसरी, जो विरोध करील त्याचा विरोध त्याच्या शब्दांत लिहावा. ठराव बहुमताने झाला असे लिहिण्यात कमीपणा नाही. तिसरी मागणी काहींना रुचणार नाही. आपल्या नोंदवहीत अजून पुरुषांचीच नावे आहेत, आणि या देवळाची पिढ्यान् पिढ्या सेवा करणाऱ्या घराण्यांना सभेत बसण्याची जागा नाही. नियम बदलण्यास वेळ लागेल, वाद होतील, कदाचित कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतील. पण आमसभेपूर्वी वर्षातून एकदा, लेकी-सुनांसह आणि सेवेकऱ्यांसह सर्वांची खुली बैठक याच मंडपात घेण्यास कोणता नियम आड येतो? १९६७ साली ज्यांच्या मताला देशाने किंमत दिली, त्यांचे म्हणणे निदान ऐकून घेण्याइतके मोठे मन श्रींच्या मंडपाला असावे. या सूचनेला कोणी विरोध केला तर त्यांचा विरोधही अवश्य लिहावा.

आणि एक विनंती स्मरणिकेच्या संपादकांना. हे भाषण छापणार असाल तर हे वाक्य वगळू नये: मंडपाच्या जीर्णोद्धाराचा तो ठराव एकमताने झाला नव्हता. एका महाजनाने त्याला विरोध केला होता, कारणे दिली होती, आणि तत्कालीन चिटणिसाने ती लिहिली नाहीत. चाळीस वर्षे उशीर झाला. पण त्यांचे 'ना' आज येथे लिहिले जात आहे.

श्रींच्या चरणी माझे गाऱ्हाणे इतकेच, की या मंडपात माणसे बसत राहोत, बोलत राहोत आणि एकमेकांचे ऐकून घेत राहोत. या गाऱ्हाण्याला मात्र सर्वांनी मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणावे, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.